उतरवून ठेवलेला मुकुट

ऑस्कर पुरस्काराची सुवर्णमूर्ती एकदा हाती यावी, म्हणून जगभरचे नटनट्या आयुष्य वेचतात. ती मिळाली की तिची जागा दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठरलेली असते. वायव्य इंग्लंडमधील एका गवंड्याच्या घरी अशा दोन मूर्ती येऊन राहिल्या होत्या. आपल्याकडे सणावारी तांब्या-पितळेची भांडी ज्या निष्ठेने घासली जातात, त्याच निष्ठेने त्या घरची गृहिणी या मूर्ती घासूनपुसून लख्ख ठेवीत असे. कालांतराने वरचा सोन्याचा मुलामा उडाला आणि आतील धातू दिसू लागला. ही हकिकत तिच्या लेकीनेच पुढे सांगितली. पुरस्कार मिळाले तेव्हा ती लेक दोन्ही समारंभांना गैरहजर होती, आणि मिळालेल्या मूर्ती तिने आईच्या स्वाधीन केल्या होत्या.

ही लेक म्हणजे ब्रिटिश रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतील थोर अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन. कीर्तीच्या शिखरावर असताना अभिनयाचा त्याग करून त्या संसदेत गेल्या, तेथे २३ वर्षे राहिल्या आणि ऐंशीव्या वर्षी पुन्हा रंगमंचावर आल्या. एकाच आयुष्यात दोनदा सर्वस्व बाजूला ठेवून नव्याने आरंभ करणाऱ्या या स्त्रीची कथा, कामातून निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहे.

ग्लेंडाचा जन्म ९ मे १९३६ रोजी, लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पैलतीरी वसलेल्या बर्कनहेड या गावी झाला. वडील हॅरी गवंडीकाम करीत. आई जोन दुकानात काम करून आणि लोकांकडची साफसफाई करून संसाराला हातभार लावी. चार बहिणींत ग्लेंडा थोरली. सिनेमाचा शौक असलेल्या घराने तिला ग्लेंडा फॅरेल या अमेरिकन नटीचे नाव दिले, एवढाच काय तो तिचा चित्रसृष्टीशी वारसाहक्काने आलेला संबंध. तिचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत आणि त्यानंतरच्या टंचाईत गेले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती 'बूट्स' या प्रसिद्ध औषधविक्रेत्यांच्या दुकानात नोकरीला लागली. गल्ल्यापलीकडच्या गिऱ्हाइकांना हवे ते काढून द्यायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, असे दोन वर्षे चालले. त्या कामात मन रमेना. वायएमसीएच्या हौशी नाटकमंडळीत ती काम करू लागली होती. तेथे कोणीतरी अभिनयाचे रीतसर शिक्षण घेण्याविषयी सुचवले, तिने अर्ज केला आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नामांकित संस्थेत तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला.

संस्थेतून बाहेर पडताना प्राचार्यांनी दिलेला निरोप मात्र उत्साह वाढवणारा नव्हता. तुमचा पिंड नायिकेचा नाही, चरित्रभूमिकांचा आहे, तेव्हा चाळिशीपूर्वी फारशा कामाची अपेक्षा ठेवू नका, असे त्यांनी सुनावले. रूढ अर्थाने देखणा नसलेला चेहरा, करडा आवाज आणि समोरच्याला रोखून पाहणारी नजर घेऊन कामाच्या शोधात निघालेल्या एकवीस वर्षांच्या मुलीला हे ऐकावे लागले. पुढची सहा-सात वर्षे ते भाकीत खरे ठरते की काय, अशीच गेली. लहान शहरांतील नाटकमंडळ्यांत मिळेल ती भूमिका करायची, भूमिका नसेल तर पडद्यामागची व्यवस्था पाहायची, आणि तेही नसेल तेव्हा उपाहारगृहात वाढप करायचे किंवा पुन्हा औषधांच्या दुकानात उभे राहायचे, असा तो क्रम होता. १९५८ मध्ये नाट्यव्यवसायातीलच रॉय हॉजेस यांच्याशी विवाह झाला, पण दोघांच्याही मिळकतीचा भरवसा नव्हता.

हा काळ ग्लेंडाबाईंच्या पुढील आयुष्याचा पाया ठरला. रंगमंचावरचे काम आणि दुकानातले काम, दोन्ही त्यांनी सारख्याच गरजेपोटी केले होते. त्यामुळे अभिनय म्हणजे काही दैवी लेणे आहे आणि नट इतर कष्टकऱ्यांहून वेगळा आहे, अशी भावना त्यांच्या मनाला शिवली नाही. वेळेवर यावे, पाठांतर चोख असावे, आणि काम संपले की बसने घरी जावे, अशी त्यांची रीत होती.

१९६४ मध्ये दैव पालटले. पुढे महाभारत पाश्चात्त्य रंगमंचावर आणून भारतीयांच्याही परिचयाचे झालेले दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी त्यांना रॉयल शेक्सपियर कंपनीत घेतले. पीटर वाइस यांच्या 'मारा-साद' या नाटकात, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मारा या नेत्याचा वध करणाऱ्या शार्लत कोर्देची भूमिका त्यांच्याकडे आली. हे सारे नाटक वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण सादर करीत आहेत, अशी त्याची रचना आहे. म्हणजे नटीने आधी रुग्ण व्हायचे आणि त्या रुग्णाने शार्लत व्हायचे. ग्लेंडा जॅक्सन यांनी हे दुहेरी सोंग असे वठवले, की लंडनपाठोपाठ न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही त्यांच्या नावाची चर्चा झाली.

त्यानंतरचे दशक विलक्षण होते. डी. एच. लॉरेन्स यांच्या कादंबरीवर केन रसेल यांनी काढलेल्या 'विमेन इन लव्ह' या १९६९ च्या चित्रपटातील मानी, हट्टी गुड्रनच्या भूमिकेने त्यांना पहिला ऑस्कर मिळवून दिला. चित्रीकरणाच्या वेळी त्या गरोदर होत्या. मुलगा डॅन याचा जन्म १९६९ चाच. १९७१ मध्ये बीबीसीने 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका दाखवली. राणी पहिली एलिझाबेथ हिचे तारुण्यातील भयग्रस्त दिवसांपासून जराजर्जर मृत्यूपर्यंतचे सारे आयुष्य त्यांनी तीत उभे केले. राणीच्या रुंद कपाळाचा खरा भास व्हावा म्हणून या बाईंनी डोक्याचा पुढचा भाग वस्तऱ्याने उतरवून घेतला. त्या भूमिकेने त्यांना दोन एमी पुरस्कार दिले. त्याच वर्षी मॉरकॅम्ब आणि वाइज या लोकप्रिय विनोदी जोडीच्या दूरदर्शन कार्यक्रमात त्यांनी क्लिओपात्राचे विडंबन केले. ते पाहून एका अमेरिकन दिग्दर्शकाने त्यांना विनोदी चित्रपटासाठी निवडले. तो चित्रपट 'अ टच ऑफ क्लास', आणि त्याने १९७४ मध्ये दुसरा ऑस्कर त्यांच्या नावे केला. चाळिशीपूर्वी काम मिळणार नाही, असे जिला सांगितले होते, तिने अडतिसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच दोन ऑस्कर पटकावले होते.

येथपर्यंतची कहाणी एखाद्या यशस्वी कलावतीची आहे. अशा कहाण्या अनेक सापडतात. १९९२ पासून तिला निराळे वळण लागते.

ग्लेंडा जॅक्सन यांचा कल पहिल्यापासून मजूर पक्षाकडे होता. युद्धोत्तर काळात त्या पक्षाच्या सरकारने आरोग्यसेवा सर्वांना खुली केली, ती १९४८ मध्ये. ग्लेंडा तेव्हा बारा वर्षांची होती. गवंड्याच्या मुलीला शिष्यवृत्तीच्या बळावर लंडनला शिकता आले, याची जाण त्यांनी कायम ठेवली. पुढे मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीतील धोरणे त्यांना मुळीच रुचली नाहीत. समाज असे काही नसतेच, या थॅचरबाईंच्या १९८७ मधील उद्गाराने तर त्या अस्वस्थ झाल्या. घरात बसून हळहळण्यापेक्षा आपण काही करावे, या विचाराने त्यांनी उत्तर लंडनमधील हॅम्पस्टेड अँड हायगेट मतदारसंघातून उमेदवारी घेतली. १९९२ च्या निवडणुकीत मजूर पक्ष देशभर हरला, पण ही जागा त्यांनी हुजूर पक्षाकडून खेचून आणली.

वय होते पंचावन्न. खासदारकी सांभाळून अधूनमधून एखादा चित्रपट करणे अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. निवडून आल्या त्या दिवसापासून अभिनय बंद, असा निर्णय घेऊन त्यांनी तो पुढे २३ वर्षे पाळला. मतदारांच्या घरांच्या, भत्त्यांच्या, शाळाप्रवेशाच्या तक्रारी ऐकणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे, हेच आता त्यांचे काम झाले.

या २३ वर्षांचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडायला हवा. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांचे सरकार आल्यावर त्या वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री झाल्या. दोन वर्षांनी लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले. पक्षांतर्गत निवडीत त्यांना तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मंत्रिमंडळात त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. २००३ मध्ये इराकयुद्धाच्या प्रश्नावर त्यांनी आपल्याच पंतप्रधानांना उघड विरोध केला आणि उरलेली वर्षे त्या मागच्या बाकावर बसल्या. २०१० च्या निवडणुकीत त्या अवघ्या ४२ मतांनी निवडून आल्या. इंग्लंडमधील त्या वर्षीचा तो सर्वांत निसटता विजय होता. एप्रिल २०१३ मध्ये थॅचर यांच्या निधनानंतर संसदेत श्रद्धांजलीची भाषणे चालली असता त्यांनी थॅचर यांच्या धोरणांवर कठोर टीका केली. त्यावर समोरच्या बाकांवरून गदारोळ झाला. दिवंगत व्यक्तीविषयी त्या प्रसंगी असे बोलावे का, याविषयी दुमत होणे स्वाभाविक आहे. अनेकांना ते अनुचित वाटले, आणि त्या वाटण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

म्हणजे राजकारणात त्यांना अभिनयाइतके यश मिळाले नाही. ज्या वयात अनुभवी नटीची कला परिपक्व होते, ती पंचावन्न ते अठ्ठ्याहत्तर ही वर्षे रंगभूमीने गमावली. हा तोटा खराच आहे. पण त्या वर्षांकडे पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. सभागृहात हाती असलेल्या कागदाला महत्त्व होते, डोक्यावरच्या पूर्वीच्या मुकुटाला नव्हते, आणि तो मुकुट कोणी ओळखावा अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. अभिनयाची आठवण येते का, असे विचारणाऱ्यांना त्या नकारार्थी उत्तर देत. नव्या नाटककारांना स्त्रीपात्रांत रस वाटत नाही, ही तक्रार मात्र त्या शेवटपर्यंत करीत राहिल्या.

२०१५ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खासदारकी आपणहून सोडली. आता विश्रांती, असेच सर्वांना वाटले असणार. परंतु आधी रेडिओवर एमिल झोला यांच्या कादंबऱ्यांवर आधारित मालिकेत त्यांचा आवाज ऐकू आला, आणि २०१६ च्या शरदात लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात ग्लेंडा जॅक्सन रंगमंचावर उभ्या राहिल्या. मराठी घरांत ज्या वयात सहस्रचंद्रदर्शनाची तयारी सुरू होते, त्या वयात त्यांनी निवडलेली भूमिका होती शेक्सपियरच्या 'किंग लिअर'ची.

पुरुषाने स्त्रीची भूमिका करण्याची परंपरा मराठी रसिकांना नवी नाही. बालगंधर्वांनी ती वैभवाला पोहोचवली. येथे एका वृद्ध स्त्रीने वृद्ध राजा साकारला. वय वाढते तशी स्त्री-पुरुषांमधील सीमारेषा पुसट होत जाते, असे त्या यासंदर्भात सांगत. टाळ्या मिळाल्या त्या नावीन्याला नव्हे, राजाच्या संतापाला आणि त्याच्या तुटलेल्या काळजाला.

लिअरची कथा मराठी वाचकाला आणखी एका वाटेने जवळची आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ची प्रेरणा याच नाटकात आहे. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी रंगमंचावर आणलेले गणपतराव बेलवलकर म्हणजे निवृत्त नट. आपले सर्व काही मुलांना वाटून मोकळे झालेले, आणि मग त्याच मुलांच्या दारी उपरे ठरलेले. लिअर राजानेही तेच केले. राज्य मुलींना देऊन टाकले, पण राजा ही पदवी आणि शंभर सरदारांचा लवाजमा स्वतःकडे ठेवला. थोरल्या मुलींनी त्या शंभरांचे पन्नास केले, पन्नासांचे पंचवीस, आणि अखेरीस एकाची तरी गरज काय, असा प्रश्न केला. मुलींची कृतघ्नता अक्षम्य आहे, यात शंका नाही. तरीही म्हाताऱ्याच्या दुःखाला एक अंतस्थ कारण आहे. त्याने सत्ता सोडली होती, सत्तेचा मान सोडवत नव्हता.

अशी माणसे नाटकातच असतात असे नाही. दारावरच्या पाटीवर नावाखाली 'निवृत्त' हा शब्द लिहून जुने पद जपणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत भेटतात. पूर्वीच्या कचेरीत गेल्यावर नव्या कारकुनाने उठून खुर्ची दिली नाही, तर त्यांचा दिवस वाईट जातो. घरातही सून किंवा नातू काही विचारीनासे झाले की शंभर सरदारांतला एकेक कमी होत असल्याचे दुःख त्यांना होते. ते दुःख खोटे नसते, आणि घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. पण त्यावरचा उपाय घरच्यांपेक्षा स्वतःच्या हाती अधिक असतो.

ग्लेंडा जॅक्सन यांनी लिअरची भूमिका केली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आयुष्याने लिअरला दिलेले उत्तर प्रेक्षकांना ठाऊक होते. त्यांनी सिंहासन सोडले, तेव्हा एकही सरदार मागे ठेवून घेतला नव्हता. कदाचित म्हणूनच परत येताना त्यांना कोणाकडे काही मागावे लागले नाही. जुन्या कीर्तीचे व्याज खायला त्या आल्या नाहीत, नवी मेहनत करायला आल्या.

ती मेहनत साधी नव्हती. २०१८ मध्ये ब्रॉडवेवर एडवर्ड अल्बी यांच्या 'थ्री टॉल विमेन' या नाटकात त्यांनी नव्वदी ओलांडलेल्या, हेकट, एकाकी वृद्धेची भूमिका केली. या भूमिकेसाठी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. यापूर्वी चार वेळा नामांकन होऊन तो हुकला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रॉडवेवर लिअर पुन्हा उभा केला, आणि तो करतानाच त्र्याऐंशी वर्षे पूर्ण केली.

याच सुमारास केलेली एक दूरदर्शन भूमिका कुटुंबवत्सल वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. एमा हीली यांच्या कादंबरीवर आधारित 'एलिझाबेथ इज मिसिंग' हा चित्रपट बीबीसीने डिसेंबर २०१९ मध्ये दाखवला. त्यातील मॉड ही आजी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहे. आपली मैत्रीण एलिझाबेथ नाहीशी झाली आहे, एवढे तिला पक्के ठाऊक असते, पण कोणी तिचे ऐकत नाही. ती चिठ्ठ्या लिहून खिशात ठेवते, आणि चिठ्ठी वाचेपर्यंत ती का लिहिली हे विसरते. तिच्या या शोधाखाली सत्तर वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या सख्ख्या बहिणीचे जुने दुःख दडलेले आहे. मॉडच्या चिडण्यात, एकच प्रश्न दहा वेळा विचारण्यात, लेकीवर ओरडण्यात जो अर्थ आहे, तो ग्लेंडाबाईंनी हलक्या हाताने उलगडून दाखवला. म्हातारी माणसे निरर्थक बोलतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ते बोलणे पुन्हा एकदा नीट ऐकावे, असे ही भूमिका पाहून वाटते. तिला बाफ्टा पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराहून मोठी गोष्ट अशी, की वृद्धांची काळजी ही एकेका घराची खासगी अडचण नसून साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, हे त्या मुलाखतींतून आवर्जून बोलत राहिल्या. समाज असे काही असते, हा त्यांचा जुना आग्रह येथे निराळ्या रूपाने पुढे आला होता.

त्यांचे स्वतःचे घरही या काळात जरा निराळे होते. १९७६ मध्ये घटस्फोट झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. आग्नेय लंडनमधील ब्लॅकहीथ येथे मुलाच्या घराच्या तळमजल्याखालील भागात त्या राहत. वर मुलगा, सून, नातवंड. खाली आजी आणि तिची बाग. डॅन हॉजेस हा राजकीय स्तंभलेखक झाला. आईची आणि त्याची राजकीय मते अनेकदा जुळत नसत. तरी छप्पर एकच राहिले. मतभेदासह एकत्र नांदण्याची ही रीत आपल्या कुटुंबांनाही परकी वाटू नये.

त्यांचा अखेरचा चित्रपट 'द ग्रेट एस्केपर'. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौसैनिक बर्नार्ड जॉर्डन हे २०१४ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, वृद्धाश्रमात न सांगता बाहेर पडले आणि नॉर्मंडीच्या लढाईच्या सत्तराव्या स्मृतिदिनासाठी समुद्र ओलांडून फ्रान्सला पोहोचले. ही सत्यकथा चित्रपटाचा आधार आहे. बर्नार्ड झाले मायकल केन, आणि त्याच्या जाण्यात सामील असलेली, मागे खोलीत राहून त्याची वाट पाहणारी पत्नी झाल्या ग्लेंडा जॅक्सन. हे दोघे १९७५ मध्येही एका चित्रपटात पतिपत्नी झाले होते. हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १५ जून २०२३ रोजी, ब्लॅकहीथच्या राहत्या घरी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ऑक्टोबरमध्ये तो पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षकांनी पाहिली ती खुर्चीत बसलेली, सुरकुतलेल्या चेहऱ्याची, डोळ्यांत मिस्कीलपणा शिल्लक असलेली एक म्हातारी. सम्राज्ञीचा मागमूसही त्या चेहऱ्यावर नव्हता.

दोन ऑस्कर, दोन एमी, एक टोनी आणि संसदेची २३ वर्षे, असा हा हिशोब आहे. त्यात कोणती रक्कम मोठी, हे ज्याने त्याने ठरवावे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र या आयुष्यातून एक प्रश्न स्वतःला विचारता येईल. उद्या खुर्ची सोडताना आपण तिच्याबरोबरचे किती सरदार घरी घेऊन जाणार आहोत? त्यांना वेशीपाशीच निरोप देता आला, तर पुढच्या वाटेवर हात मोकळे राहतील, आणि मोकळ्या हातांना काम पुष्कळ असते.